पुसलेल्या नावाची झारी

शैला,

येत्या शनिवारी तो डीलर येणार आहे, तुझी चांदीची भांडी न्यायला. तळघरातल्या लांब फळीवर तुझे सगळे कॉफीपॉट अजून तसेच उभे आहेत, तोट्या एकाच दिशेला करून, जसे तू ठेवायचीस. दिलीपने फोन करून वेळ ठरवली, कारण तू त्याला सांगून गेलीस, "सगळं देऊन टाक. सगळं म्हणजे सगळं." तुझा नवरा सरळमार्गी. सगळं म्हटलं की त्याला सगळंच कळतं. "ती सगळं म्हणाली होती," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणतो. तू गेल्यापासून त्याच्या तोंडून तुझं नाव आलेलं नाही, नुसतं 'ती'. पण त्या ओळीत शेवटी ती एक आहे, वेलबुट्टीची, मधोमध रिकाम्या चौकटीची. तुझ्या आईची झारी. तीही द्यायची का गं? हे तू सांगितलं नाहीस आणि माझ्याच्याने विचारवलं नाही. आता विचारतेय, तर ऐकायला तू नाहीस.

काल मंडळाच्या अंकासाठी फोन आला होता. तुझ्यावर पानभर लिहून द्या म्हणाले. जन्म, शिक्षण, नोकऱ्या, 'मनमिळाऊ स्वभाव'. मी म्हटलं, मनमिळाऊ? आपली शैला? त्यांनी आता दुसरं कुणीतरी शोधलं असेल. तू मनमिळाऊ नव्हतीस. तू हट्टी होतीस, तिरसट होतीस, आणि शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा बरोबर असायचीस. मला बोलायचंय ते उरलेल्या एका वेळेबद्दल.

अमेरिकेत आल्यावर हर्नडनच्या त्या काचेच्या बिल्डिंगमध्ये आपण शेजारशेजारच्या खुराड्यांत बसायचो. तू प्रोग्रॅम लिहायचीस, मी त्यातल्या चुका काढायचे. चुका काढण्याचा पगार घेणारी मी, आणि फुकटात काढणारी तू, म्हणून आपलं जमलं असेल. मग दोन हजार एकच्या कंपन्यांच्या पडझडीत एका सकाळी तुला आत बोलावलं आणि जेवणाच्या सुट्टीआधी तू पार्किंगमध्ये खोका धरून उभी होतीस. मी रडत होते, तू नव्हतीस. खोक्यातलं रोपटं सरळ करत म्हणालीस, "सुनंदा, इतकी वर्षं जे केलं ना, त्यातलं एकही मला हातात धरून दाखवता येणार नाही बघ."

मला ते तेव्हा रागातलं बोलणं वाटलं. पण तू पुण्यात धातुशास्त्र शिकलेली. ते शिक्षण इतकी वर्षं ट्रंकेत ठेवल्यासारखं पडून होतं, ते तू बाहेर काढलंस. संध्याकाळच्या धातुकामाच्या वर्गाला जायला लागलीस. बोटं काळी करून यायचीस आणि फोनवर मला हातोड्यांची वर्णनं ऐकवायचीस.

त्याच सुमाराला लीसबर्गजवळच्या एका जुन्या घरात सामानाचा सेल होता, आठवतो? घरमालकीण वारलेली, मुलांनी सगळं टेबलांवर मांडून ठेवलेलं. मी खुर्च्या बघायला आले होते. तू एका टेबलाखालून एक उंच, मळकट, तोटी लचकलेलं भांडं ओढून काढलंस, बाहीने त्याचं पोट पुसलंस, अंगठ्याने चाचपलंस आणि चष्म्याच्या काचेवर करतात तसा त्यावर 'हा' केलास.

"काय करून राहिली तू? वास येतो काय त्याला?"

"इकडे ये. पटकन बघ."

श्वासाच्या धुक्यात एक पक्षी दिसला, चोचीत कणीस धरलेला. मी नीट बघेपर्यंत विरूनही गेला. तू सांगितलंस, कुठल्यातरी इंग्रज घराण्याची ती खूण. भांडं दुसऱ्या घरी गेलं की नवा मालक आधीच्याची खूण घासून काढायला लावतो. वरून चांदी गुळगुळीत होते, पण कोरताना खालची चांदी दबलेली असते, ती तशीच राहते. श्वास सोडला की दिसते. मी त्या दिवशी खुर्च्या न घेता घरी आले आणि आमच्या घरातल्या प्रत्येक भांड्यावर 'हा' करत सुटले. आमच्या ह्यांना वाटलं, मला दमा झाला.

दिलीपने टेबल टेनिससाठी घेतलेल्या टेबलावर, तळघरात, तुझी जुनी चांदी दुरुस्त करून विकायची कार्यशाळा थाटली गेली. बिचाऱ्याला पुन्हा कधी खेळता आलं नाही. पोटाला पोचा आलेला असला की आतून लोखंडी मुंडी टेकवून बाहेरून हलकेच ठोकत राहायचं, घाई केली की चांदी तडकते. नक्षी दबलेली असली की भांड्यात वितळलेली राळ भरायची, थिजू द्यायची आणि मग बोथट छिन्न्यांनी एकेक पाकळी पुन्हा उठवायची. राळेच्या वासाने तन्वी नाक दाबून "मॉम, दॅट्स ग्रोस" करत जिना चढायची, आणि थोड्या वेळाने पुन्हा खाली येऊन बसायची. तू मला झाकण उघडून आत बोट घालायला लावलंस. प्रत्येक फूल आतून उलटं हाताला लागत होतं. ठोकलेल्या नक्षीत चांदी कुठे जात नाही, फक्त सरकते, असं तू म्हणालीस. कोरण्याचं तसं नाही. कोरताना चांदीची बारीक तार निघते आणि ती गेली की गेली.

आपला पहिला वाद साध्या आणि नक्षीच्या भांड्यांवरून झाला. तुला साधी आवडायची. नुसता घाट, उंच मान, बाक घेतलेली तोटी आणि हात पोळू नये म्हणून काळ्या लाकडाची मूठ. मला नक्षी लागते. "तुला चहाच्या कपावरसुद्धा गुलाब हवा," म्हणून तू हिणवायचीस. मी म्हणायचे, "देवाने तुला दोन भुवया दिल्या, तेवढीच तुझी नक्षी." आणि गंमत म्हणजे विकण्यासाठी नाही, स्वतःच्या हौसेने तू जी एक घेतलीस, ती नखशिखांत नक्षीची. लंडनमध्ये घडली तेव्हा तीही साधीच होती. शंभरेक वर्षांनी फॅशन बदलली, तेव्हा कुणीतरी तिला कारागिराकडे नेलं आणि त्याने तिच्या अंगभर गुलाब, वेली, शिंपले ठोकून दिले. अशा भांड्याला जाणकार नाकं मुरडतात. तूही मुरडायला हवं होतंस. पण त्या कारागिराने मधोमध नावासाठी एक चौकट सोडली होती आणि ती रिकामीच राहिली होती. "हा करून बघितलं मी," तू म्हणालीस, "खरंच कोरी आहे. इतकी वर्षं ही कुणाचीच झाली नाही गं." पोट चेपलेलं, झाकणाची बिजागरी तुटलेली. एक अख्खा हिवाळा तू तिच्यावर घालवलास. त्या हिवाळ्यात तू गुणगुणायला लागलीस. नोकरी गेल्यापासून पहिल्यांदाच.

पुढच्या उन्हाळ्यात तुझी आई आली. मिरजेहून, पहिल्यांदाच, गुडघे धरत, पिशवीत मेतकूट आणि जायफळं घेऊन. तळघरात फळीसमोर उभी राहून तिने एकेक भांडं निरखलं. तू कौतुकाने तळाच्या, अस्सल चांदीच्या शिक्क्यातला सिंह दाखवलास, तर म्हणाली, "हे कुत्रं कशाला काढलंय?" कॉफीपॉट हा शब्द तिने घेतलाच नाही.

"झाऱ्या आहेत गं या. चांगल्या जड आहेत. पण एकीवरही नाव कसं नाही?"

"आई, विकायच्या आहेत त्या."

"आणि ही फुलांची?"

"ही माझी."

"मग घाल की नाव."

तू हसलीस आणि विषय संपला असं समजलीस. तिच्या लेखी तो सुरू झाला होता. तुझ्या लग्नासाठी तिने जमवलेली भांडी, प्रत्येकावर टिंबाटिंबांनी 'चि. सौ. कां. शैला' घातलेली, मिरजेच्या माळ्यावर तशीच राहिली होती. तुम्ही नोंदणी लग्न केलंत आणि दोन बॅगा घेऊन विमानात बसलात. पुढे ती भांडी तुझ्या भावाच्या संसारात वापरात आली, तुझ्या नावासकट. "आमच्या सुनेच्या हातात रोज शैलाचं पातेलं असतं," हे मला तिनेच हसत सांगितलं होतं. हसत सांगितलं म्हणून मीही हसले.

जुलैमध्ये दिलीप तिला आयसेलिनच्या देशी बाजारात घेऊन गेला, साड्या बघायला. एवढा लांबचा ड्राइव्ह, पण सासूची हौस. तिच्या कापडी पिशवीत काय होतं, त्याला पत्ता नव्हता. तो ओक ट्री रोडवर पार्किंग शोधत फिरत होता, तेवढ्यात ही एका सराफाच्या दुकानात शिरली आणि त्याच्याकडून विजेच्या पेनाने नाव घालून घेतलं. दुसऱ्या दिवशी मी तुझ्याकडे होते. तिने ती झारी पदराखालून काढून जेवणाच्या टेबलावर ठेवली, बारशाचं बाळ मांडीवर द्यावं तशी. चौकटीत, गुलाबांच्या मधोमध, लिहिलं होतं: 'शैला हिस, आईकडून.'

तुझा चेहरा मला अजून दिसतो.

"आई, हे काय केलंस तू?"

"नाव घातलं."

"अडीचशे वर्षांची वस्तू आहे ही! इतक्या वर्षांत त्या जागेला कुणी हात लावला नव्हता!"

"तेच म्हणते मी. बिननावाची होती बिचारी. उद्या कार्यात अदलाबदल झाली म्हणजे?"

"कुठलं कार्य, आई? इथे? हर्नडनमध्ये?"

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "तुला एक भांडं देता आलं नव्हतं गं माझ्याच्यानं." तू ऐकलंस की नाही, मला माहीत नाही. तू तोवर झारी घेऊन जिन्याकडे वळली होतीस. भांड्यांवर नाव घालणारी आई आणि जगाला नावं ठेवणारी लेक, तुमच्यामध्ये मी काय बोलणार होते?

ती परत जाईपर्यंत तरी थांबायचंस, शैला. पण त्याच आठवड्यात तू नाव काढायला बसलीस. मी पायरीवर बसले होते. आधी बारीक कानस, मग दगड, मग घोटणी. कानशीचा आवाज वर स्वयंपाकघरात जात असणार, कारण थोड्या वेळाने आई कठडा धरून एकेक पायरी उतरत खाली आली. मला वाटलं, आता रडेल किंवा भांडेल. ती तुझ्या पाठीमागे उभी राहिली, बघत राहिली आणि म्हणाली, "निघतंय का?"

"निघेल," तू मान वर न करता म्हणालीस.

"हळू कर. हाताला लागेल."

आणि तशीच एकेक पायरी चढत वर गेली. संध्याकाळी तिने सगळ्यांना जायफळ घालून कॉफी केली आणि त्या झारीतूनच ओतली. चौकट आरशासारखी लखलखत होती. "चांगलं निघालं," ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, तुला उलटून बोलता तरी आलं असतं.

पुढच्या थंडीत ती गेली. तू मिरजेला पोचलीस तेव्हा सगळं आटोपलं होतं. परत आलीस ती दुसऱ्या दिवसापासून तळघरात. तू आईच्या गुडघ्यांविषयी बोललीस, तिच्या हातच्या आमटीविषयी बोललीस, झारीविषयी कधीच नाही. मीही किती दिवस धीर धरणार? एका दुपारी कॉफी पिताना मी विषय काढला.

"काहून गं, ते गुलाब चालतात तुला?"

"कुठले?"

"झारीवरचे. तेही कुणीतरी मागाहूनच घातले ना? मग आईचं नाव का नाही चाललं?"

"ज्याने ते गुलाब ठोकले त्याला काम येत होतं."

"हे उत्तर नाही, शैला."

"ठोकल्याने चांदी जात नाही. कोरल्याने जाते. कितीदा सांगू?"

"आणि कानशीने घासली तेव्हा नाही गेली?"

तू उठलीस. "दूध उतू जातंय," म्हणालीस. शेगडीवर दूध नव्हतंच.

आपला वाद तिथेच राहिला. मी पुन्हा छेडला नाही, तू पुन्हा बसली नाहीस. पण माझा धंदाच बारकावे बघण्याचा. तुझ्याकडे गिऱ्हाइकं यायची, फळीवरून नजर फिरवत त्या झारीशी थांबायची. तू दर वेळी म्हणायचीस, "तिची बिजागरी अजून नीट झालेली नाही." ती बिजागरी तू माझ्यासमोर बसवली होतीस. लोण्यातून सुरी जावी तसं झाकण उघडायचं. तू मला ताकास तूर लागू दिली नाहीस, आणि मीही काही न कळल्यासारखी दुसरीकडे बघायचे. दोन मैत्रिणींनी एकमेकींना एवढी सवलत द्यायची असते, असं मला वाटायचं. आता वाटतं, नको होती द्यायला.

मग तो खोकला. राळेचा धूर, पॉलिशची धूळ, डॉक्टरांनी हज्जार प्रश्न विचारले आणि शेवटी म्हणाले, कशाने झालं सांगता येत नाही. फुप्फुसं कडक होत जातात, एवढंच खरं. तू त्यांना धातूच्या भाषेत समजावलंस, ठोकून ठोकून चांदी अशीच कडक होते, मग ती तापवून पुन्हा मऊ करावी लागते. "तसं काही आहे का तुमच्याकडे?" असं विचारलंस. त्या डॉक्टरला हसावं की रडावं कळेना. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते तुझ्याकडे बघून पटायचं. नाकात ऑक्सिजनची नळी आणि तोंडाने मला स्वयंपाक शिकवणं चालू. पण तळघराचा जिना तुला बंद झाला, आणि मग तू हळूहळू बोलणंही कमी केलंस.

या एप्रिलमधली ती दुपार. खिडकीशी तुझा पलंग, बाहेर दिलीप उगाचच गवत कापत होता, कारण घरात बसवत नव्हतं त्याला. तू मला म्हणालीस, "ती झारी आण." इतक्या वर्षांत पहिल्यांदा तू तिला झारी म्हणालीस. मी आणली. तू ती पोटाशी धरलीस, चौकट तोंडाजवळ नेलीस आणि 'हा' केलास. चांदीवर काहीच उमटलं नाही. तुझ्या श्वासात तेवढीसुद्धा वाफ उरली नव्हती. तू पुन्हा प्रयत्न केलास, खोकलीस, आणि झारी माझ्याकडे सरकवलीस.

"तू कर."

मी केला. आणि ते आलं. गुलाबांच्या मधोमध, पांढुरक्या धुक्यात, 'शैला हिस, आईकडून.' सगळं जागच्या जागी. तू घासलं होतंस ते फक्त वरवरचं. मला रडू फुटलं. तू मात्र डोळे बारीक करून बघत होतीस.

"श बघ कसला काढलाय त्या माणसाने. कमरेत वाकलाय."

"शैला..."

"अजून एकदा कर."

मी करत राहिले. नाव यायचं, जायचं. तू दर वेळी म्हणायचीस, अजून एकदा. माझ्या तोंडाला कोरड पडली. शेवटी तू डोळे मिटलेस आणि म्हणालीस, "ठेव." मी विचारायला हवं होतं का, की कुठे ठेवू? मी ती फळीवर ठेवली, तिच्या जागी. मग तू दिलीपला सांगितलंस, सगळं देऊन टाक.

तू मला दिलेलं काय उरलंय, हे मी या आठवड्यात शोधत होते. तू मला साधं भांडं बघायला शिकवलंस. आता कुठल्याही घरात गेले की माझा अंगठा आपोआप भांड्याच्या पोटावरून फिरतो. कुणी चिडचिडं, गप्प माणूस भेटलं की मी लगेच त्याच्या चुका काढत नाही, म्हणते, थांब, आतून काय उठलंय बघू. हे मला माझ्या आईने नाही शिकवलं, शाळेनेही नाही. हे मी तुला कधी सांगितलं नाही, कारण तू म्हणाली असतीस, "भाषण पुरे, कॉफी आण." सांगायला हवं होतं. ऐकून घेतलं असतंस, शिव्या देऊन का होईना.

*

गुरुवारी हे इथेच थांबलं होतं. आज रविवार. काल काय झालं ते सांगते.

मी ठरवून गेले होते की तोंड उघडायचं नाही. भांडं माझं नाही, आई माझी नाही, शब्द दिलीपने तुला दिलेला. तन्वी कॉलेजातून आलेली आहे, अजून परत गेली नाही. सकाळपासून ती तळघरात भांडी गुंडाळत बसली होती. एकेक कॉफीपॉट घ्यायचा, फडक्याने पुसायचा, त्यावर 'हा' करायचा, बघायचं, आणि मग कागदात. मी विचारलं, हे कशाला? म्हणाली, "मॉमने सांगितलंय. यू ऑलवेज चेक." लहान असल्यापासून तू तिला हे करायला लावायचीस म्हणे. मला कधी बोलली नाहीस. मी फळीकडे पाहिलं, ओळ संपत आली होती.

तिने झारी घेतली. पुसली. 'हा' केला. आणि तशीच थांबली.

"मावशी, देअर्स समथिंग हिअर."

नाव विरलं. तिने पुन्हा श्वास सोडला आणि रविवारच्या मराठी शाळेत शिकली होती तशी एकेक अक्षर लावत गेली. "शै... ला. मावशी, शैला! हि... स. हिस म्हणजे काय?"

"म्हणजे तिला. तिच्यासाठी."

"आ... ई... कडून." ती माझ्याकडे बघायला लागली. "आजीने दिलं?"

मग मी सगळं सांगितलं. आयसेलिन, पदराखालची झारी, कानस, 'निघतंय का'. एप्रिलमधली दुपारही सांगितली. तुझी बाजूही मांडली, शैला, मनापासून मांडली. जुनी वस्तू, कोरी चौकट, चांदी जाते ती परत येत नाही. तन्वीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "शी वॉज राँग, ना?" मी म्हटलं, "हो बेटा. एकदाच." मग ती रडली. तू गेल्यावर इतकी रडली नव्हती.

दिलीप डीलरला घेऊन खाली आला. माणूस चांगला होता, हात पुसून भांड्यांना हात लावणारा. सगळं बघून झाल्यावर त्याने तन्वीच्या मांडीवरच्या झारीकडे हात केला. दिलीप म्हणाला, "दे बेटा. ती सगळं म्हणाली होती."

"ही नाही, बाबा."

डीलरने समजुतीने ती हातात घेऊन उजेडात फिरवली, चौकटीवर अंगठा दाबला, तशी तिथली पातळ चांदी जराशी लवली. त्याने मान हलवली. सुंदर काम, तो म्हणाला, पण वाईट एवढंच की इथलं नाव कुणीतरी काढून टाकलंय.

"नाही काढलेलं," तन्वी त्याला इंग्रजीत म्हणाली. "माझ्या आईचं नाव आहे ते. यू हॅव टु ब्रीद ऑन इट."

त्याने 'हा' केला नाही. झारी दोन्ही हातांनी तिच्याकडे परत दिली आणि बाकीचे खोके उचलले.

फळी रिकामी झाली. दिलीप त्या फळीकडे बघत उभा राहिला, मग वर जाऊन त्याने कॉफी केली. जायफळ जास्त पडलं होतं. आम्ही ती झारीत भरली, आणि तन्वीने अधीरपणे लगेच 'हा' केला, पण काही उमटेना. गरम चांदीवर वाफ धरत नाही, हे तूच सांगितलं होतंस. "थांब, गार होऊ दे," मी म्हटलं. आमच्या कपांत तळाला जायफळाचा रवा उरला, तरी आम्ही तिघं बसून राहिलो.

मग दिलीपने झारी स्वतःकडे ओढली. पोटाला हात लावून पाहिला. चष्मा कपाळावर चढवला, वाकला आणि श्वास सोडला.

"शैला," तो म्हणाला.

पुढची अक्षरं वाचून व्हायच्या आत ती विरून गेली. त्याने पुन्हा श्वास भरून घेतला.